चार नंबर गोदामातली हाळी

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ. एकात मोतीबिंदू आहे म्हणून तुमचा विश्वास बसत नसेल, तर माझ्या उरलेल्या सहा दातांची शपथ. खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो. माझी सून म्हणते, तसं झालं तर घरात जरा शांतता होईल. तिला म्हणावं, बस वाट बघत.

तर आमचं शहर. समुद्रानं हे शहर घडवलं, असं शाळेच्या पुस्तकात लिहितात. समुद्रानं घडवलं, डोंबल. समुद्र तर आधीपासूनच होता, तेव्हा इथे नुसता चिखल होता आणि चिखलात चार होड्या. मग कुणाला तरी कळलं की इथलं पाणी खोल आहे आणि वारा डोंगरामागे अडतो. झालं, जहाजं यायला लागली. रिकामं जहाज वाऱ्यानं उलटू नये म्हणून तळाशी दगड भरून यायचं, दगड इथे टाकायचं आणि कापूस भरून परत जायचं. त्या दगडांची बँक झाली, कोर्ट झालं, मोठ्या पोस्टाच्या पायऱ्या झाल्या. आमच्या कोर्टाच्या भिंती परदेशी आहेत, आतले चोर तेवढे घरचे.

माझ्या तरुणपणी धक्क्याला इतकी जहाजं लागायची की चप्पल न भिजवता या काठावरून त्या काठावर जाता यायचं. मी गेलेय. वाटेत एका जहाजावर जेवूनसुद्धा घेतलं. वारा सुटला की नाकालाच कळायचं, आज एक नंबरला कॉफी उतरलीय, तीनला कातडी, सातला मिरी. सातच्या बाजूनं वरात गेली तर नवरी शिंकत सासरी जायची.

ह्या सगळ्या मालाला एकच रस्ता होता, माणसाची पाठ. जहाजातून फळीवर, फळीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून गोदामात, आणि गोदामात पोत्यांची थप्पी. थप्पी म्हणजे पोत्यावर पोतं रचत नेलेली भिंत. छतापर्यंत. वर चढून हमाल रचायचे आणि खाली आम्ही बायका फाटकी पोती शिवायचो, सांडलेलं झाडून भरायचो.

मी चार नंबर गोदामात होते. मला सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा होता. मी लहानपणी रडले तेव्हा दोन जहाजं धुकं पडलं समजून बंदराबाहेर थांबली होती, असं माझी आई सांगायची, आणि खोटं बोलायचं वळण मला तिच्याकडूनच आलंय. पण आवाजाचा उपयोग व्हायचा. गोदामात घड्याळ कुणाला दिसत नसे आणि पोती आदळण्याच्या धबडग्यात घंटा ऐकू येत नसे. म्हणून मुकादमानं जेवणाची हाळी माझ्याकडे दिली होती. दुपारी बारा वाजले की मी दारात उभी राहून सूर लावायचे, "उतराऽऽ रेऽऽ, डबे उघडाऽऽ." की पोरं थप्पीवरून टणाटण खाली, हातातलं पोतं तिथेच टाकून. माझी हाळी ऐकून वर कुणी रेंगाळत नसे. मुकादमाच्या शिवीला रेंगाळायचे, हाळीला नाही.

माझ्या शेजारी बसून जी पोती शिवायची तिला दाभण म्हणत. दाभण म्हणजे ती पोती शिवायची जाड सुई. अंगानं तशीच, बारीक आणि ताठ. आणि गप्प. गप्प, कारण बोलताना अडायची. 'पाणी' म्हणायचं तर प-प-प करत राहायची, तोवर समोरचा पाणी पिऊन निघून जायचा. लोक हसायचे. मी जास्त हसायचे. पण तिची एक गंमत मलाच माहीत होती. ती गाताना अडायची नाही. शिवताना गुणगुणायची तेव्हा शब्द कसे साबणावरून घसरल्यासारखे यायचे. माझी हाळीसुद्धा ती बारीक आवाजात, माझी टिंगल म्हणून, हुबेहूब म्हणायची. मी तिला म्हणायचे, "अगं, मोठ्यानं म्हण की कधीतरी." ती म्हणायची, "त-तुझी रोजी जाईल."

तिचा नवरा आमच्याच गोदामात हमाल होता. त्याला पैलवान म्हणायचे. थप्पीच्या अगदी वरच्या थरावर तोच असायचा.

त्या वर्षी सगळीकडे एकच बोलणं, डबे येणार. आधी आमच्याकडे डबा म्हणजे जेवणाचा. आता डबा म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी. तिच्यात माल कारखान्यातच भरायचा, कुलूप लावायचं आणि यारीनं, म्हणजे क्रेननं, उचलून थेट जहाजावर ठेवायचा. पोतं नाही, थप्पी नाही, पाठ नाही, फाटणं नाही आणि शिवणंही नाही. खाडीपलीकडे नवीन धक्का बांधत होते, तिथे यारी उभी केली होती. इतकी उंच की पौर्णिमेला चंद्र तिला वळसा घालून जायचा. तिच्याकडे बघत मुकादम म्हणायचा, "ही एकटी दोनशे जणांचं काम करते आणि डबा खात नाही." बायकांची यादी होणार होती. अर्ध्या घरी, अर्ध्या कायम. कायम होईल तिला बंदराच्या चाळीत खोली.

आता ऐका. ह्याच्यापुढे मला सांगायला जड जातंय, पण सांगते.

अमावास्येचं उधाण होतं. समुद्राचं पाणी गटारातून उलटं चढून चार नंबरच्या फरशीखालून आत आलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खालच्या थराला वाळलेल्या वाटाण्याची पोती होती. वाटाण्यानं पाणी पिऊन टाकलं. वाटाणा भिजला की काय करतो, हे तुम्हाला सांगायला नको. दोन दिवस ती पोती आतल्या आत फुगत होती, आणि वर हमाल आणखी पोती रचत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कुठे होते? शिवत बसायला हवं होतं. मी बंदराच्या गेटवर होते. तिथल्या पहारेकऱ्यांना मी सांगत होते की माझ्या मामेभावानं एक देवमासा पाळलाय आणि तो त्याला रोज कामावर सोडतो. ते हसत होते आणि मला आणखी चेव येत होता.

तेवढ्यात गोदामातून हाळी आली. "उतराऽऽ रेऽऽ, डबे उघडाऽऽ."

सूर माझा, शब्द माझे, आवाज माझा नव्हे. मला आधी राग आला. म्हटलं, माझं एवढं एकच काम आहे, ते पण हिनं घेतलं. तिला झापायला म्हणून मी पळत सुटले. समोरून हमाल बाहेर येत होते, नऊ जण, शिव्या घालत. "दहा वाजताच जेवण? भोंग्याला चढलीय का?" पैलवान सगळ्यात शेवटी. हातात डबासुद्धा घेतला होता त्यानं.

त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि थप्पी गेली. आवाज कसा, तर आवाज आलाच नाही, आधी नुसता वारा आला. दारातून धुळीचा लोट. मग फरशी हलली. छतापर्यंतची भिंत आडवी झाली होती आणि त्यातून वाटाणे धक्क्यापर्यंत घरंगळत आले.

दाभण त्या थप्पीच्या पायाशी बसून शिवत होती. तिला सुतळी तटकन तुटल्याचं ऐकू आलं. मग दुसरी. मग तिसरी. आम्हा शिवणाऱ्यांना तो आवाज कळतो, पण टाका आपोआप तुटत नाही, आतून कुणी ढकलल्याशिवाय. तिनं वर पाहिलं तर नवरा वरच्या थरावर. तिला 'पळा' म्हणायचं होतं. प-प-प झालं. मग तिनं एकच केलं, जे तिला न अडता म्हणता येत होतं ते म्हटलं. गाऊन. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं, दाराकडे पळता पळता.

हे मला नंतर जोडून जोडून कळलं असं नाही. मला तिथेच, त्या धुळीत, सगळं कळलं.

मुकादम धावत आला. माणसं मोजली. नऊ. परत मोजली. मग त्यानं विचारलं, "हाळी कुणी दिली?"

"भोंग्यानं. दुसरं कोण देणार?" पैलवान म्हणाला.

मुकादम माझ्याकडे वळला. "तू दिलीस?"

एवढा प्रश्न. 'नाही' म्हणायला श्वाससुद्धा लागत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे यादी आली. ती खोली आली. आणि नऊ माणसं माझ्याकडे जशी बघत होती, तसं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. हसत नव्हती ती.

मी म्हटलं, "माझी डावी पापणी लवली. म्हटलं, आज काहीतरी होणार."

दाभण दारात उभी होती. धुळीनं पांढरीफटक, हातात सुई तशीच. तिचं तोंड हलत होतं. म-म-म. 'मी' म्हणायचं होतं तिला. मुकादम म्हणाला, "हिला पाणी पाजा, घाबरलीय बिचारी." आणि पाण्याचं भांडं तिच्या तोंडाला मी लावलं. मीच.

आठ दिवसांनी यादी लागली. मी कायम झाले. दाभण घरी बसली.

त्यानंतर चाळीस वर्षं मी तिच्या गल्लीतून गेले नाही. बाजाराला जायचं तर लांबून, पूल चढून. माझ्या गुडघ्यांचं जे काही झालंय ते त्या पुलामुळे झालंय, वयामुळे नाही. पैलवान मात्र भेटायचा. हात जोडून उभा राहायचा. "ताई, तुमच्यामुळे लेकीचं तोंड पाहिलं." मी म्हणायचे, "असू दे हो." आणि पुढच्या चौकात ती गोष्ट जरा वाढवून कुणाला तरी सांगायचे. नऊचे अकरा झाले, अकराचे सतरा. लग्नकार्यात लोक मला आग्रहानं सांगायला लावायचे. पापणीच्या जागी मग स्वप्न आलं, स्वप्नात माझे मेलेले सासरे आले. सासरे जिवंतपणी कुणाच्या उपयोगी पडले नव्हते, म्हटलं आता पडू देत.

जुनं बंदर मेलं. माल पलीकडे गेला. एक नंबर गोदामात कॉफी उतरायची, आता तिथे कॉफी विकतात, एका कपाच्या पैशाला आम्ही आठवडाभर शिवलं असतं. सातमध्ये काचेचं ऑफिस. आणि चार नंबरचं संग्रहालय करायचं ठरलं. शहराचा इतिहास.

एक चष्मेवाली मुलगी आवाज घेणारं यंत्र घेऊन घरी आली. "आजी, बंदराच्या आठवणी सांगा." सात दिवस सांगत होते मी. देवमासासुद्धा सांगितला. देवमासा तिनं घेतला नाही, हाळी घेतली. माझ्या तोंडून ती हाळी म्हणवून घेतली. मग कळलं, पूर्ण भिंतभर माझा फोटो लावणार. खाली बटण, दाबलं की माझा आवाज. नात शाळेत सांगून आली. सुनेनं चक्क मला नवीन चष्मा करून दिला.

उद्घाटनाला पंधरा दिवस असताना ती मुलगी एक जुना फोटो घेऊन आली. आम्ही सगळ्या बायका गोदामाच्या दारात. तिनं बोट ठेवलं. "आजी, ही कडेची कोण? सुई हातात आहे ती. यांच्यापैकी जिवंत असतील त्यांना बोलवायचंय."

मी म्हटलं, "ती होय? ती गेली. केव्हाच गेली."

मुलगी "अरेरे" म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. इतकी वर्षं थापा मारल्या, पण माणूस कधी मारला नव्हता. सून म्हणाली, "काय झालं हो? बोलत का नाही? बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "घसा बसलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पूल चढले नाही, सरळ तिच्या गल्लीत गेले. तिसरा मजला. दार तिच्या लेकीनं उघडलं. तीसुद्धा आता चाळिशीला आलेली. मला बघून तिचं तोंड असं फुललं की माझा पाय मागेच सरला.

"आई, बघ तर कोण आलंय. भोंगामावशी." मग मला म्हणाली, "बाबा असते तर नाचले असते. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटपर्यंत तुमचंच नाव घ्यायचे. काही चुकलं की आईला म्हणायचे, त्या बाईकडून काहीतरी शीक."

भिंतीवर पैलवानाचा फोटो होता. खाली खुर्चीत दाभण. हातात सुई होती, पण साधी, उशीचा अभ्रा शिवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि टाका पूर्ण केला.

मी लेकीला म्हटलं, "बस जरा. तुला एक सांगायचंय." आणि सांगितलं. न वाढवता. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल, पण वाढवलं नाही तर ती गोष्ट फार छोटी आहे.

लेक आईकडे वळली. "आई, खरंय हे?"

"ह-हो."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

दाभणनं दोरा दातानं तोडला. "ब-बोलले. दोनदा. त-तुझे बाबा ह-हसले. म्हणाले, तुला स्वतःचं न-नाव तरी सांगता येतं का."

मग मी म्हटलं, "भिंतीवरचा फोटो मी बदलायला लावते. तुझा लावतील."

ती म्हणाली, "भ-भिंतीला काय करायचंय? त्याला स-सांगायचं होतं." आणि फोटोकडे मान केली. "तू एकदा म्हणाली असतीस, तर त्यानं ऐ-ऐकलं असतं. तुझं सगळेच ऐ-ऐकतात."

इतकी वर्षं बाजारात तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहायचा. मी फक्त एक वाक्य म्हणायला हवं होतं.

मग ती उठली. चहा ठेवला. कप माझ्यापुढे आणून ठेवला, दोन चमचे साखर घातलेला, मला लागतो तसा. मी तो प्याले आणि खाली उतरले.

चष्मेवालीकडे गेले तर ती कपाळाला हात लावून बसली. "आजी, भिंत छापून झालीय." म्हटलं, "पुसा." "तशी पुसत नाहीत आजी." "मग त्यावर रंग मारा. आणि ऐक, ती जिवंत आहे. ते पण मी खोटं सांगितलं." मुलीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटतं शिवी द्यायची राहून गेली तिची.

फोटो उतरला. त्याजागी तो सगळ्या बायकांचा आला, कडेची सुईवाली मोठी करून. हाळीसाठी दाभणकडे गेले होते ते लोक. तिनं दार उघडलं आणि नुसती मान हलवली. म्हणून बटणाला आवाज माझाच राहिला. खाली पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'हाळी हिची, आवाज दुसरीचा'. उद्घाटनाला ती आली नाही.

आणि मुलांना ते सांगायला दर मंगळवारी मी उभी राहते. मीच मागून घेतलं. पहिल्या मंगळवारी नेमकी नातीच्या शाळेची सहल आली. तिला घरी आधीच सगळं कळलं होतं, पण माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. चाळीस पोरं माझ्यासमोर फरशीवर बसली होती आणि मी थप्पी, वाटाणे, सुतळी, सगळं सांगितलं. पोरांना आवडलं. मग नातीनं हात वर केला. बाईंसमोर मला आजी म्हणावं की न म्हणावं, असा विचार करत होती ती. मग आजी म्हणालीच नाही.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

'तुम्ही.' घरी ती मला अगं-तुगं करते.

मी म्हटलं, "गेटवर. देवमाशाची थाप मारत." पोरं हसली. ती हसली नाही. ती पाटीवरचं वाचत होती.

घरी येताना तिनं माझी पिशवी घेतली, पण पुढे पुढे चालत राहिली. मला गाठता येईना.

एवढंच. सगळं खरं आहे, शपथ घेतलीय मी. फक्त एक, तेवढं पदरचं घातलंय. चहाचं. दाभणनं चहा ठेवला नाही. ती उठली हे खरं. उठून तिनं दार उघडून धरलं.